फिनेस बास फिशिंगसाठी रॉड आणि रील: अडीचशे डॉलरमध्ये काय घ्यावं?

पाणकावळा | ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी मूळचा सांगलीचा. आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला बांबूची काठी आणि कणकेच्या गोळ्या यांत लहानपण गेलं. आता न्यू जर्सीत हंटरडन काउंटीत राहतो, राउंड व्हॅली रेझर्व्हॉयर घरापासून पंधरा मिनिटांवर. गेल्या वर्षी लायसन्स काढलं. दुकानातल्या मुलाच्या सल्ल्याने सात फुटी मीडियम हेवी बेटकास्टिंग रॉड (रील वरच्या अंगाला बसतं तो) आणि १५ पौंडी (तेवढी ओढ सोसणारा) दोरा घेतला आणि अख्खा उन्हाळा त्यावर काढला. मिळाले चार बास (इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा).

राउंड व्हॅली जवळजवळ १८० फूट खोल आहे आणि पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे दगड मोजावेत. गेल्या शनिवारी माझ्यापासून पन्नासेक पावलांवर एक आजोबा उभे होते. बारीक रॉड, छोटं, रॉडखाली लटकणारं स्पिनिंग रील, करंगळीएवढा प्लास्टिकचा किडा. हात जवळजवळ हलत नव्हता. दोन तासांत त्यांनी सात स्मॉलमाउथ (बासची एक जात) काढले आणि सातही अलगद पाण्यात सोडले. माझ्या आमिषाकडे एकही फिरकला नाही. जाऊन विचारलं तर त्यांनी मायेने सगळं उलगडून दाखवलं: ड्रॉप शॉट आणि नेड रिग (आमिष बांधायच्या दोन पद्धती), ६ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोरा). "तुझा रॉड चांगला आहे, पण या कामाचा नाही," म्हणाले.

तर आता खास फिनेससाठी, म्हणजे बारीक दोरा आणि हलकं आमिष वापरून नाजूकपणे मासे धरण्यासाठी, एक रॉड-रील घ्यायचंय. दोऱ्यासकट २५० डॉलरची तयारी आहे. होडी नाही, सगळं काठावरून. लांबी किती घ्यावी? पैसे रॉडवर जास्त घालावेत की रीलवर? आणि ब्रेडला (विणलेल्या दोऱ्याला) पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा शेवटचा तुकडा) जोडावा की सगळाच फ्लुरोकार्बन भरावा? इंटरनेटवर वाचून डोकं भणभणलंय. आपल्या भाषेत कुणीतरी समजावून सांगा.

चिंबोरी | ४ मे, रात्री १०:०५

पहिली मी! वाचनखूण साठवली आहे. मासेमारीतलं मला काही कळत नाही, माझी हद्द कढईपासून सुरू होते. हा बास चवीला कसा? तिरफळ घालून कालवण होईल का?

मिशिगनची माई | ५ मे, सकाळी ६:५०

पाका, स्वागत. मी गेली एकोणीस वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला आहे आणि त्यातली पंधरा लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथच्या मागे घालवली आहेत. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

रॉडपासून सुरुवात करू नका. आमिषापासून करा. आमिषाच्या वजनावर दोरा ठरतो, दोऱ्यावर रॉड ठरतो, आणि त्या रॉडला तोलून धरेल असं रील सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकी उलटी वरात निघते: चकचकीत रील आधी हातात येतं आणि बाकीचं त्याच्यामागून.

नेड रिग म्हणजे अळंबीच्या आकाराच्या डोक्याचा १/१६ ते १/१० औंसाचा जिग (वजन जोडलेला गळ) आणि त्यावर पावणेतीन इंचाचा प्लास्टिकचा तुकडा. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावावरून हे नाव पडलं. ड्रॉप शॉटमध्ये वजन सगळ्यात खाली, साधारण १/४ औंसाचं, आणि त्याच्या फूटभर वर उघडा गळ. आता तुमच्या रॉडच्या मुठीच्या वर छापलेली बारीक अक्षरं वाचा. ३/८ ते १ औंस असं काहीतरी असेल. १/१० औंसाने तो रॉड वाकणारच नाही, आणि रॉड वाकला नाही तर आमिष फेकलं जात नाही, समोर पडतं. गेल्या वर्षी तुमचं हेच झालं असणार.

तुम्हाला हवा मीडियम लाइट पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन, वजनाची मर्यादा १/८ ते १/२ औंसाच्या आसपास. जिगमध्ये प्लास्टिकचं वजन धरलं की नेड रिगही त्यात आरामात बसतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. शेंडा मऊ म्हणजे मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा त्याला काही अडल्यासारखं वाटत नाही. खालचा भाग ताठ म्हणजे मासा तुमच्या ताब्यात राहतो.

हे सगळं इतकं बारीक का लागतं तेही सांगते. सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर युरोपातून आलेले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे पाणी पारदर्शक होत गेलं आणि उजेड खोलवर पोचायला लागला. दोनच वर्षांनी तिथून वर, सेंट क्लेअर नदीत, गोबी नावाचा छोटा मासा आढळला. तोही परका, आणि तळाला चिकटून राहणारा. स्मॉलमाउथ त्याच्यावर तुटून पडले. तेव्हा इथे चालतं काय, तर तळाशी जवळजवळ स्थिर राहणारं, लहान आणि मातकट रंगाचं आमिष. पाणी नितळ, मासा नीट निरखून बघणारा, म्हणून दोरा बारीक. दोरा बारीक, म्हणून रॉड मऊ.

ढगफुटी | ५ मे, सकाळी ९:१५

माईंचा आदर ठेवून असहमत. मी डॅलसला असतो, लेक फोर्कवर जातो. १९८० मध्ये धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिथली झाडं तशीच उभी ठेवली. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ (बासची दुसरी जात) तिथलाच, १९९२ चा, १८.१८ पौंडांचा. अशा पाण्यात ६ पौंडी दोरा नेला तर मासा लागल्यावर दोन सेकंदांत तो खोडाला वेढा घालतो आणि तुमचा गळ तोंडात घेऊन निघून जातो. हे माशावर अन्याय करणारं आहे. बारीक दोऱ्यावर मासा फार वेळ खेळवला तर सोडल्यावरही तो दमून मरतो. मीडियम पॉवरखाली जाऊ नका असं माझं मत.

मिशिगनची माई | ५ मे, सकाळी ९:४०

ढगफुटी, फोर्कसाठी तुमचं शंभर टक्के बरोबर. पण राउंड व्हॅलीच्या दगडी काठावर उभी झाडं कुठली? दमवण्याबद्दल म्हणता ते महत्त्वाचं आहे, त्यावर नंतर सविस्तर लिहिते. आता कामावर निघाले.

सूक्ष्मदर्शी | ५ मे, दुपारी १२:३०

मी कॉम्पोझिट मटेरिअलमध्ये काम करतो, म्हणून रॉडच्या बाजूने चार शब्द.

रॉडवर "३० टन", "४० टन" असं लिहिलेलं असतं ते कार्बनच्या धाग्याचं मॉड्युलस, म्हणजे ताठपणा. धागा जास्त ताठ असेल तर तेवढीच पॉवर मिळवायला कापड कमी लागतं. भिंत पातळ होते, रॉड हलका होतो आणि कंपनं मुठीपर्यंत स्पष्ट येतात. मात्र पातळ भिंत ठोकर सहन करत नाही. गाडीच्या दारात शेंडा अडकला, दगडावर आपटला, की बारीक चीर पडते आणि तीन महिन्यांनी एखाद्या साध्या माशावर रॉड तुटतो. लोक कंपनीला शिव्या देतात आणि दाराचा धक्का विसरून गेलेले असतात. काठावरून दगडांत चालायचं असेल तर मधल्या पायरीवरचा रॉड घ्या. सगळ्यात जास्त आकडा तुमच्यासाठी नाही.

टनाचा आकडा एकटा फार काही सांगतही नाही. दोन थर बांधणारं रेझिन, दोरा ओवायच्या कड्यांचं वजन, कड्या किती आणि कुठे बसवल्यात, यावर पुष्कळ अवलंबून असतं. शेंड्याकडे जड कड्या असतील तर उत्तम ब्लँकही (रॉडची नुसती काठी) मठ्ठ वाटतो.

अटलांटिस | ५ मे, संध्याकाळी ६:२०

सगळे रॉडबद्दल बोलतायत, मी रीलची बाजू घेतो.

जॉर्जियात लेक लॅनियरला स्पॉटेड बास आहेत. पंचवीस-तीस फुटांवर बुडवलेल्या फांद्यांच्या ढिगात बसतात, मी ड्रॉप शॉट थेट त्यांच्या डोक्यावर सोडतो. ६ पौंडी दोऱ्यावर चार पौंडांचा मासा लागला की त्याच्या आणि तुमच्या मध्ये फक्त रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरा सोडणारा ब्रेक, असतो. ड्रॅग सुरू होताना अडखळला की दोरा गेला. सुरुवातीला मी एक स्वस्त रील घेतलं होतं. त्याचा ड्रॅग आधी घट्ट धरायचा आणि मग एकदम सुटायचा. एका सकाळी तीन मासे तोडले. त्या दिवसानंतर मी बेअरिंगचा आकडा बघणं सोडलं. दुकानात दोरा हाताने सावकाश ओढून बघा: सुरुवात आणि मधला प्रवास सारखाच लागला पाहिजे.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावा. ८ पौंडी लीडर असेल तर २ पौंड. माशाचा वजनकाटा दोऱ्याला अडकवून एकदा मोजून बघा, आपला अंदाज किती चुकतो ते कळेल.

आणि ही चूक नव्वद टक्के नवे लोक करतात: मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहतात. ६:१ च्या रीलवर तेव्हा दोरा आत येत नाही, पण हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला त्याला सहा पीळ पडतात. तासाभराने दोऱ्याच्या जटा होतात आणि लोक रीलला दोष देतात. मासा ओढतोय तर हात थांबवा. फेकल्यावर बेल (दोरा आवरणारी तारेची कमान) हाताने मिटा, हँडल फिरवून नको. स्पूल (दोरा गुंडाळतात ती चकती) काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवा. या तीन सवयींनी साठ-सत्तर डॉलरचं फ्लूगर प्रेसिडेंट रीलसुद्धा वर्षानुवर्षं सुखाने चालतं. माझं चालतंय.

ओतूरकर_क्योतो | ६ मे, पहाटे ४:१०

जपानहून नमस्कार. इथे बिवा सरोवर माझ्या घरापासून ट्रेनने अर्ध्या तासावर. तुमचा ड्रॉप शॉट इकडूनच तिकडे गेला बरं का, इथे त्याला डाउन शॉट म्हणतात.

एक तिसरा पर्याय सांगतो, तो म्हणजे बेट फिनेस. बेटकास्टिंग रीलच, पण स्पूल अगदी हलका, रिकामा असताना दहा ग्रॅमच्या आसपास. साध्या बेटकास्टरचा स्पूल जड असतो, त्यामुळे चार-पाच ग्रॅमचं आमिष त्याला गती देऊ शकत नाही. मध्येच वेग तुटला की दोऱ्याचं घरटं होतं. हलक्या स्पूलला ते आमिष पुरतं. शिमानोचं आल्डेबरान बीएफएस, दाइवाचं आल्फास एअर ही त्यातली नावाजलेली. फायदा असा की ८ पौंडी फ्लुरोकार्बन वापरून झुडपात, लव्हाळ्यात, धक्क्याच्या खांबांजवळ छोटं आमिष अचूक टाकता येतं आणि मासा ओढून काढायची ताकदही राहते. ढगफुटींची अडचण यातून सुटू शकते.

पाणकावळा यांनी मात्र पहिल्यांदाच हे घेऊ नये. वारा समोरून असेल तर हलकं आमिष स्पिनिंगनेच जातं, आणि २५० डॉलर त्या रीललाच पुरणार नाहीत.

चिंबोरी | ६ मे, सकाळी ८:००

जपानमध्ये बास? तो तर अमेरिकन मासा ना? तिथे कसा पोचला? (माझ्या तिरफळाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.)

ओतूरकर_क्योतो | ६ मे, सकाळी ९:२५

अवांतर आहे, पण जिव्हाळ्याचा विषय आहे. १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेतून आणून हाकोनेच्या आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला. बिवात तो इतका माजला की २ जुलै २००९ ला मानाबू कुरिता यांनी तिथे २२ पौंड ५ औंसांच्या किंचित खाली भरणारा लार्जमाउथ धरला. त्याआधीचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांचा, १९३२ चा, जॉर्जियातला, २२ पौंड ४ औंसांचा. नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची नावं आज बरोबरीने आहेत.

पण इथल्या कोळ्यांना याचं कौतुक नाही. बिवाचा स्वतःचा निगोरोबुना नावाचा मासा आहे, त्याला मीठ आणि भातात महिनोन्महिने मुरवून फुनाझुशी करतात. बास आणि ब्लूगिल वाढले तसा तो कमी झाला. आता बिवात धरलेला बास परत पाण्यात सोडायला प्रांताच्या नियमाने मनाई आहे, काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. ज्या माशापायी मी पहाटे तीनला उठतो तोच इथे उपरा आहे, हे मला रोज खटकतं. मी पेटीत टाकतो.

भिगवणचा_वाटसरू | ६ मे, सकाळी ११:०५

आमच्या उजनीत चिलापीचं तेच झालं. बाहेरून आली आणि धरण भरून टाकलं. आता भिगवणला हायवेवर लोक चिलापीच मागतात आणि जुन्या माशांची नावं पोरांना सांगावी लागतात. या विषयावर वेगळा धागा काढाच.

गरवणारो_बाबू | ६ मे, रात्री ९:३०

माका ह्या बासाचा काय एक म्हायत नाय. पण माझो आजो आमच्या खाडयेत होडयेत बसान गरवायचो. काठी नाय, रीळ नाय. नुसती दोरी आणि गरी. दोरी तर्जनीवरसून सोडलेली. तांबोशी गरयेक नुसती हुंगान गेली तरी तेका कळायचा. माका म्हणायचो, "बोटाक इचार, डोळ्याक नको."

आता शहरी भाषेत सांगतो. तुमचा रॉड कितीही महाग असला तरी दोरा त्याच्या कड्यांना टेकतो तेव्हाच कंपन येतं. दोरा सैल असेल तर रॉडपर्यंत काहीच पोचत नाही. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं, म्हणजे दोरा तर्जनीच्या अगदी जवळून जातो. मग बोट दोऱ्याला का लावत नाही तुम्ही लोक?

मिशिगनची माई | ६ मे, रात्री १०:१५

बाबूदादा, तुमच्या आजोबांना नमस्कार. पंधरा वर्षांत मला जे शिकायला लागलं ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत. नेड रिग खाली बुडत असताना निम्मे मासे लागतात आणि तेव्हा दोरा थोडा सैलच असतो. बोट लावलं की "टुक" कळतं. कधी तर तेही नाही, नुसतं दोऱ्याचं वजन नाहीसं होतं, कारण मासा आमिष घेऊन वर आलेला असतो.

सीताफळ | ७ मे, सकाळी ७:२०

मी दोन वर्षांपासून मिनेसोटात नवऱ्याबरोबर जाते. सगळे लांबी-ताकद बोलतायत, तोल कुणीच बोललं नाही. माझा पहिला रॉड ७ फूट ३ इंच होता आणि रील फार हलकं. शेंडा सारखा खाली झुकायचा. ड्रॉप शॉटमध्ये शेंडा वर धरून तासन्‌तास उभं राहावं लागतं, माझं मनगट संध्याकाळी सुजायचं. मग दुकानात रील बसवून, रीलच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलून बघितला. ६ फूट ८ इंचांचा घेतला आणि दुखणं गेलं. आकडे वाचून ऑनलाइन घेऊ नका, हातात धरून घ्या.

पाणकावळा | ७ मे, रात्री ८:५०

मंडळी, एवढं मनापासून लिहिताय, धन्यवाद कुठल्या शब्दांत द्यावेत कळत नाही.

आज दोन दुकानं फिरलो. माईंनी सांगितलेली बारीक अक्षरं वाचली. माझ्या जुन्या रॉडवर खरंच ३/८ ते १ औंस आहे! मीडियम लाइट फास्टमध्ये ६'१०" आणि ७'२" असे दोन आवडलेत, दोन्ही शंभर ते सव्वाशेच्या मधले. सीताफळताईंची बोटावरची परीक्षा दोघांनीही पार केली. रील २५०० आकाराचं घ्यावं असं ठरतंय. लांबी आणि दोरा, एवढंच राहिलंय.

अटलांटिस | ७ मे, रात्री ९:३५

काठावरून म्हणजे लांब फेकावं लागणार, आणि लांबवरच्या माशाला गळ बसवायला जास्तीचा दोरा एका हालचालीत उचलावा लागतो. मागे झाडी नसेल तर ७'२". वाटेत झुडपं असतील, पाण्यात उतरून डेलावेअर नदीत जायचं असेल, तर ६'१०". आकडा २५०० ठीक, फक्त लक्षात ठेवा की प्रत्येक कंपनीचा २५०० वेगळा असतो. रीलचं वजन ग्रॅममध्ये बघा, दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान असू दे.

दोरा: १० पौंडी ब्रेड, पुढे ६ किंवा ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा आठ-दहा फुटी लीडर. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे लांबूनही चाहूल लागते. स्पूलवर त्याच्या वेटोळ्यांची सवय राहत नाही. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा त्याहून बराच दूर. ब्रेड तरंगतो, फ्लुरोकार्बन बुडतो. स्पूलवर आधी थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत धातूवर अख्खा ब्रेड गोल फिरत बसतो आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. जोडायला एफजी गाठ उत्तम, ती कड्यांतून सुळकन जाते. हात बसेपर्यंत डबल युनि बांधा. थंडीत बोटं बधिर असताना मीही तीच बांधतो.

सूक्ष्मदर्शी | ७ मे, रात्री १०:००

यात माझा मतभेद आहे. वारा असताना ब्रेडला बाक येतो, तो पाण्यावर तरंगत राहतो आणि नेड रिगला तळापासून वर उचलतो. सगळा ६ पौंडी फ्लुरोकार्बन भरला तर दोरा सरळ खाली जातो आणि मध्ये गाठही नाही. पीळ आणि वेटोळी सांभाळावी लागतात, ते खरं. मोठ्या व्यासाचा, उथळ स्पूल घेतला तर तेही कमी होतं.

अटलांटिस | ७ मे, रात्री १०:२०

वाऱ्याचा मुद्दा मान्य. पण नव्या माणसाला फ्लुरोकार्बनची वेटोळी सांभाळायला लावणं म्हणजे पोहायला शिकवताना पुरात ढकलणं. पहिला उन्हाळा ब्रेड-लीडर, पुढचा उन्हाळा तुमचा.

मिशिगनची माई | ८ मे, सकाळी ६:३०

राहिलेलं लिहिते. ढगफुटींनी माशाला दमवण्याबद्दल म्हटलं, ते मनावर घ्या. फिनेस म्हणजे माशाला अर्धा तास खेळवणं नव्हे. रॉड वाकलेला ठेवा, ड्रॅग बरोबर लावा, तीन पौंडांचा मासा दोन-तीन मिनिटांत हातात यायला हवा. पाणी कोमट असेल तर त्याहून लवकर.

राउंड व्हॅली खोल आहे म्हणून आणखी एक. तीस फुटांखालून बास झटकन वर आणला तर दाब कमी होऊन त्याची हवेची पिशवी फुगते. सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. सोडून द्यायचे असतील तर इतक्या खोल माशांवर गळ टाकूच नका. वीस फुटांच्या आत पुष्कळ मासे असतात.

वजनं टंगस्टनची घ्या. महाग आहेत, पण टंगस्टन शिशापेक्षा बरंच घट्ट, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा लहान असतो आणि दगड, वाळू, शिंपले यांतला फरक बोटाला कळतो. दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. लून पक्षी तळाचे खडे गिळतात, त्यांत शिशाचे गोळेही जातात आणि विषबाधेने मरतात. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये अर्धा औंस आणि त्याखालची शिशाची वजनं विकायला बंदी आहे. पहाटे धुक्यात लूनची हाक ज्याने ऐकली आहे त्याला दोन डॉलर जास्त वाटणार नाहीत.

आणि नेड रिगचं ते ताणलं जाणारं प्लास्टिक साध्या प्लास्टिकच्या किड्यांबरोबर एका डबीत ठेवू नका. दोन्ही वितळून लगदा होतो.

चिंबोरी, बास चवीला बरा असतो, पांढरा आणि घट्ट. पण मी सोडते. न्यू जर्सीत तर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सोडावाच लागतो, त्यांच्या विणीचा काळ म्हणून. तिरफळ बांगड्यासाठी राखून ठेवा.

चिंबोरी | ८ मे, सकाळी ७:४५

अखेर न्याय मिळाला! बांगडा तर बांगडा.

ढगफुटी | १९ मे, रात्री ११:१०

हा धागा वाचून नवऱ्या मुलासारखा नटून एक मीडियम लाइट स्पिनिंग रॉड घेऊन गेलो. फोर्कवर नाही, घराजवळच्या तळ्यावर. थंड वारं सुटलं होतं, आकाश लख्ख निळं, अशा दिवशी माझ्या जड आमिषांना एरवी कुणी विचारत नाही. पाच इंची सेंको (प्लास्टिकचा किडा), मध्यावर गळ अडकवलेला, वजन काही नाही. नुसता थरथरत बुडू दिला. पाच मासे.

एक नोंद: वजन लावलेलं नसलं तरी तो सेंको स्वतःच दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणून त्याला मीडियम पॉवरही चालते. माझं जुनं मत तेवढ्यापुरतं कायम! माई, उघड्या पाण्यासाठी तुमचं मान्य.

मिशिगनची माई | २० मे, सकाळी ६:४०

पाच! छान वाटलं वाचून.

पाणकावळा | २२ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. उशीर झाला, आईची तब्येत बरी नव्हती, सांगलीला जाऊन आलो.

शेवटी ७'२" मीडियम लाइट फास्ट घेतला, १२० डॉलर. रील २५०० आकाराचं, सेलमध्ये ७५ ला. ब्रेड २०, लीडर १२, गळ आणि टंगस्टन मिळून १८. एकूण २४५. दुकानात चार रीलांचे ड्रॅग हाताने ओढून बघितले. सगळ्यात महाग होतं ते सुरुवातीला अडखळत होतं, विक्रेताही चकित झाला.

पहिले दोन दिवस नुसता गाठी शिकलो. तिसऱ्या दिवशी नेड रिग, आणि तासभर काहीच कळेना. आमिष तळाला आहे की नाही हेसुद्धा. मग बाबूदादांचे आजोबा आठवले. तर्जनी दोऱ्याला लावली. दगड कळला. वाळू कळली. मग एक हलकं, ओल्या कापडाला कुणी चिमटा घ्यावा तसं. झटका दिला नाही, नुसता रॉड मागे घेत रील फिरवलं. सव्वादोन पौंडांचा स्मॉलमाउथ, अंगावर पितळेची झाक, डोळे लाल. तीनदा पाण्याबाहेर उडी मारली. त्यानंतर आणखी चार. सगळे पंधरा फुटांच्या आतले, सगळे परत पोहत गेले.

ते आजोबा परवा पुन्हा भेटले. मी बोट दोऱ्याला लावलेलं बघितलं आणि विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, मालवणच्या एका आजोबांनी.

आता पुढचा प्रश्न. मुलगा नऊ वर्षांचा आहे, डावखुरा. रविवारी यायचं म्हणतोय. त्याच्यासाठी वेगळं रील घ्यावं लागेल का?

गरवणारो_बाबू | २२ जून, रात्री ९:५०

आजो आज असतो तर तुका एक तांबोशी धाडली असती.

सीताफळ | २२ जून, रात्री १०:०५

वेगळं नको. बहुतेक स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. उजवीकडची टोपी उघडा, हँडल उलट फिरवून सोडवा, बाजू बदला. रॉड त्याच्या डाव्या हातात, हँडल उजवीकडे. सोळाच्या आत त्याला लायसन्सही लागत नाही. फक्त ७'२" त्याला लांब पडेल, साडेपाच-सहा फुटांचा एखादा लाइट पॉवरचा बघा. आणि त्याच्या गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका, बोटात गेला तरी सहज निघतो.

पाणकावळा | २२ जून, रात्री १०:४०

हँडल फिरवलं, दोन मिनिटांत झालं. काटाही दाबला. तो आता हॉलमध्ये उभा राहून रिकाम्या दोऱ्याला बोट लावून बसलाय आणि मला दुसरं टोक हलवायला लावतोय. दहापैकी सात वेळा ओळखलं.